हाडांवर उभें असलेलें घर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कायकोरा नांवाचें एक लहानसें गांव आहे. वस्ती दोन-अडीच हजारांची. तेथें समुद्राच्या अगदीं कांठाला एक गुलाबी रंगाचें, बुटकें, लांकडी घर उभें आहे. बाहेरून पाहणारास त्यांत विशेष असें कांहींच दिसत नाहीं. परंतु खालीं वांकून पाहिलें म्हणजे, जेथें दगडाचें जोतें असावयाचें तेथें करड्या रंगाचे, सच्छिद्र, वाटोळे ठोकळे दिसूं लागतात. ते दगडहि नव्हेत आणि लांकडाचे ओंडकेहि नव्हेत. ते देवमाशाच्या कण्याचे मणके आहेत. इ. स. १८४४ च्या सुमारास हें घर बांधावयास घेतलें तेव्हां ह्या किनाऱ्यावर अशा मणक्यांचा खच पडलेला होता. सुतारानें हाताशीं होतें तें घेतलें आणि त्यावर तुळया टाकल्या. आज हें घर सरकारी वारसासंस्थेच्या ताब्यांत असून तिकिट काढून आंत जातां येतें.

ह्या गांवीं जे हजारों प्रवासी येतात ते मात्र घर पाहण्यासाठीं येत नाहींत. ते जिवंत देवमासे पाहण्यासाठीं येतात. ज्या समुद्रांत पूर्वीं भाले घेऊन होड्या जात त्याच समुद्रांत आतां दुर्बिणी घेतलेल्या मंडळींच्या होड्या जातात. हा फरक इतका डोळ्यांत भरणारा आहे कीं, त्याची एक सुबक कथा बनली आहे: मारणाऱ्या गांवास पश्चात्ताप झाला, त्यानें शस्त्र टाकलें आणि देवमासे परत आले. ही कथा ऐकतांना आपल्याकडील कोणासहि वाल्या कोळ्याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. आम्हांसहि ती झाली, आणि पहिल्या दिवशीं ती फार गोडहि वाटली. परंतु ह्या गांवाचा इतिहास जों जों पाहूं लागलों तों तों असें दिसून आलें कीं, येथें वाल्या एक आहे आणि वाल्मीकि दुसराच आहे. इतकेंच नव्हे, तर जो देवमासा मारला गेला तोहि निराळा, आणि जो आज दिसतो तोहि निराळा.

गांवाचें मूळ नांव बरेंच लांब आहे. तामा की ते रांगी नांवाचा एक माओरी पूर्वज प्रवासांत येथें थांबला, त्यानें विस्तव पेटविला आणि शेवंडी भाजून खाल्ल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या भाषेंत 'काय' म्हणजे खाणें आणि 'कोउरा' म्हणजे शेवंड. आमच्या कोंकणांतील वाचकांस त्या पूर्वजाची रसिकता पटण्यास अडचण पडूं नये. शेवंडी येथें अद्यापहि मुबलक मिळतात. गांवाच्या पाठीशीं अडीच हजार मीटरांहून उंच डोंगरांची रांग इतकी जवळ आली आहे कीं, हिंवाळ्यांत वाळूवर उभें राहून बर्फ पाहतां येतो. आणि डोंगर जसा एकाएकीं वर चढतो तशीच समुद्राची जमीन एकाएकीं खालीं उतरते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याखालीं एक प्रचंड घळ आहे. तिची खोली हजार मीटरांहून अधिक असून पुढें ती आणखी वाढत जाते. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आणि उत्तरेकडून येणारा उबदार प्रवाह ह्यांची येथें गांठ पडते, तळाचें पोषक द्रव्य वर येतें, आणि सूक्ष्म जीवांपासून खोल पाण्यांतील माकूलांपर्यंत अन्नाची रेलचेल होते. जो देवमासा अन्यत्र पाहण्यासाठीं कित्येक मैल खोल समुद्रांत जावें लागतें तो येथें गांवाच्या दारांत येतो, ह्याचें सारें रहस्य ह्या घळींत आहे.

ह्या किनाऱ्याला युरोपीय माणसानें जें पहिलें नांव दिलें तेंहि नमूद करण्याजोगें आहे. १७७० च्या फेब्रुवारींत कॅप्टन कुकचें 'एंडेव्हर' जहाज येथून जात असतां चार जोडहोड्यांतून सत्तावन माणसें त्याच्या रोखानें आलीं. दगड फेकला तर पोहोंचेल इतक्या अंतरावर त्यांनीं होड्या थांबविल्या. जहाजावरून कितीहि बोलाविलें तरी तीं जवळ येईनात. नुसतीं पाहत राहिलीं, आणि पाहून झाल्यावर निघून गेलीं. कुकनें त्या भूमीस जें नांव दिलें त्याचा अर्थ आपल्या भाषेंत 'बघे' असा होईल. आपण त्यांच्याकडे पाहत होतों, हें त्या नांवांत कोठेंच आलें नाहीं. नांव ठेवण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो तो स्वतःस बघा म्हणवून घेत नाहीं.

हे लोक कोण? न्गाय ताहू ह्या मोठ्या कुळांतील न्गाती कुरी नांवाची शाखा येथें वसली होती. त्यांच्या वंशकथेंत पायकेआ नांवाचा एक पुरुष आहे. समुद्रांत घात होण्याच्या प्रसंगीं तो देवमाशाच्या पाठीवरून तरून किनाऱ्यास लागला, आणि त्याच्याच वंशांत न्गाय ताहूंचा मूळपुरुष झाला. आपण मराठींत ह्या प्राण्यास 'देव'मासा म्हणतों खरे, पण त्याची पूजा किंवा कथा आपल्याकडे फारशी नाहीं. माओरींकडे ती आहे. मोठा देवमासा होड्या घालून मारण्याची मात्र त्यांची रीत नव्हती. वाळूवर येऊन पडलेला देवमासा ही समुद्राची देणगी समजून ते त्याचें मांस, तेल, दांत आणि हाडें घेत. हाडांचीं कोरीव पदकें सरदारांच्या गळ्यांत असत.

१८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तरेकडून ते राउपाराहा नांवाचा सरदार बंदुका घेऊन ह्या वस्तीवर चालून आला. गांवच्या लोकांपाशीं बंदुका नव्हत्या. शेंकडों माणसें मारलीं किंवा धरून नेलीं गेलीं. ह्या जखमेंतून वस्ती पुरती सांवरली नव्हती, तोंच तेल काढणाऱ्यांचीं जहाजें आलीं.

१८४२ मध्यें रॉबर्ट फाइफ ह्या स्कॉटिश गृहस्थानें वायोपुका येथें देवमासे मारण्याचें ठाणें घातलें. आरंभीं उल्लेखिलेलें घर हें त्याच ठाण्याचा अवशेष होय. ह्या धंद्याचें वर्णन सुखद नाहीं, परंतु तें टाळून ह्या गांवाचा इतिहास सांगणें म्हणजे घर दाखवून पाया झांकण्यासारखें आहे. येथें मारला जाई तो देवमासा 'राइट' जातीचा. राइट म्हणजे योग्य. कशासाठीं योग्य, तर मारण्यासाठीं. तो मंद पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, मेल्यावर बुडत नाहीं, आणि चरबी विपुल देतो. त्याच्या तोंडांतील लवचीक पट्ट्या युरोपांत स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांत आणि छत्र्यांच्या काड्यांत जात, आणि तेलावर दिवे जळत. हिंवाळ्यांत माद्या पिलांना जन्म देण्यासाठीं उथळ उपसागरांत येत. डोंगरावरील टेहळ्यानें कारंजें पाहून हांक मारली कीं होड्या सुटत. पुष्कळदां प्रथम पिलास भाला मारीत. कारण पिलू जखमी झालें कीं आई त्यास सोडून जात नाहीं, आणि मग ती आयतीच हातीं लागते. किनाऱ्यावर मोठमोठ्या कढया रात्रंदिवस पेटलेल्या असत. ह्या होड्यांवर गोऱ्यांबरोबर माओरी तरुणहि वल्हीं मारीत, आणि त्यांच्या बहिणींनीं गोऱ्या खलाशांशीं संसार थाटले. आज गांवांतील कित्येक माओरी कुटुंबांच्या वंशवृक्षांत एक बाजू पायकेआकडे जाते आणि दुसरी अशा एखाद्या भालेवाल्याकडे. तेव्हां शुद्ध मारेकरी आणि शुद्ध पूजक अशी येथें वांटणी करूं म्हटलें तर तीहि साधत नाहीं.

जो धंदा गर्भार माद्यांवर आणि पिलांवर उभारलेला असतो त्याचें आयुष्य किती असावयाचें? दहा-बारा वर्षांतच देवमासे दिसेनातसे झाले. फाइफनें मेंढरें पाळलीं. १८५४ मध्यें तो बुडून मेला. त्याचा चुलतभाऊ जॉर्ज ह्यानें घर वाढविलें, आणि १८६७ मध्यें तोहि बुडून मेला. गांवामागच्या डोंगराच्या एका शिखरास त्यांचें नांव राहिलें आहे.

मेंढरांस कुरणें लागतात, आणि येथून जमिनीची हकीगत सुरू होते. १८४० मध्यें माओरी सरदार आणि इंग्लंडची राणी ह्यांच्यामध्यें वायतांगी येथें जो तह झाला त्यांत माओरींच्या जमिनी, वनें आणि मासेमारीचीं ठिकाणें त्यांच्याकडे अबाधित राहतील असें वचन होतें. तरीहि १८४७ मध्यें गव्हर्नर ग्रे ह्यांनीं ह्या बाजूचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतला, तो न्गाय ताहूंकडून नव्हे, तर ते राउपाराहाच्या टोळीकडून. ज्यानें लुटलें त्याच्याकडूनच खरेदीखत करून घेतलें. न्गाय ताहूंनीं हक्क सांगितला तेव्हां, १८५९ मध्यें, त्यांचा सरदार कायकोरा फाकाताउ ह्याच्याशीं निराळा व्यवहार करण्यांत आला. सुमारे अठ्ठावीस लक्ष एकर जमीन, आणि तिची किंमत तीनशें पौंड. आम्हीं सहज हिशेब करून पाहिला: एका पेनीस जवळजवळ एकोणचाळीस एकर पडले. कुळासाठीं म्हणून राखून ठेवलेली जमीन साडेपांच हजार एकरांच्या घरांत होती, आणि तींतील पुष्कळशी खडकाळ. पुढच्या सव्वाशें वर्षांत ह्या लोकांस जी उपजीविका उरली ती दुसऱ्यांच्या शेतांत, मासेमारीच्या होड्यांवर आणि अखेर आगगाडीच्या रुळांवर.

आगगाडी येथें येण्यास १९४५ साल उजाडलें. ती आल्यावर गांवास एक स्थिर धनी मिळाला. रूळ दुरुस्त करणारे, दरडी उपसणारे, सिग्नल पाहणारे पुष्कळ लोक माओरी होते.

देवमाशांची शिकार इकडे गांवांतून १९२२ च्या सुमारास बंद पडली होती, पण देशांतून नव्हे. उत्तरेस टोरी खाडींत पेरानो कुटुंबाचें ठाणें यंत्रनौका आणि स्फोटक भाले घेऊन चाललेंच होतें. तें मुख्यतः हंपबॅक जातीचे देवमासे मारी; १९६० च्या एका हंगामांत त्यानें २२६ मारले. त्यानंतर दोनतीन वर्षांतच हे देवमासे बोटांवर मोजण्याइतके येऊं लागले. कारण पुष्कळ वर्षांनीं उजेडांत आलें: १९५९ पासूनच्या दोन हंगामांत सोव्हिएत जहाजांनीं दक्षिण महासागरांत सुमारे पंचवीस हजार हंपबॅक चोरून मारले होते. हंपबॅक संपले म्हणून पेरानोंनीं आपल्या नौका कायकोऱ्याच्या घळीकडे वळविल्या आणि तेथील स्पर्म जातीचे देवमासे मारण्यास आरंभ केला. पण तेलास भाव उरला नव्हता. १९६४ च्या डिसेंबरांत न्यूझीलंडच्या पाण्यांतील शेवटचा देवमासा मारला गेला, आणि तो ह्याच कायकोऱ्याच्या किनाऱ्यासमोर. पश्चात्तापाची कथा सांगणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. शस्त्र खालीं ठेवविलें तें बाजारभावानें. कायद्याचें संरक्षण आलें तें १९७८ मध्यें, शिकारी घरीं बसल्यावर चौदा वर्षांनीं.

१९८० नंतरच्या दशकांत सरकारनें रेल्वेची काटकसर आरंभिली. देशभर हजारों माणसें कामावरून कमी झालीं, आणि कायकोऱ्यांतील माओरी वस्तीवर तर आकाशच कोसळलें. तरुण पोरें गांव सोडूं लागलीं. अशा वेळीं बिल सॉलोमन नांवाचे तेथील एक माओरी पुढारी म्हणूं लागले कीं, आपल्या पूर्वजास ज्यानें तारलें तोच आपणांसहि तारील. लोकांस देवमासे दाखवूं या. आज हें साधें वाटतें. त्या वेळीं एक बेकार माणूस दुसऱ्या बेकार माणसास हें सांगत होता, आणि पेढीस तारण देण्यासारखें दोघांपाशींहि राहत्या घराखेरीज कांहीं नव्हतें. चार कुटुंबांनीं तीं घरें गहाण टाकलीं. १९८७ मध्यें ही संस्था निघाली, आणि तिची पहिली नौका म्हणजे मूठभर माणसें मावतील अशी हवा भरलेली रबरी होडी होती. संस्थेची कचेरी कालांतरानें गांवाच्या रेल्वेस्टेशनांतच थाटली गेली. ज्या इमारतीनें त्यांस कामावरून काढलें तिच्याच खिडकींतून ते आतां तिकिटें विकतात. ह्यांत कोणी सूड उगविला असें नाहीं. इमारत मोकळी पडली होती, इतकेंच.

धंदा चालला तसे स्पर्धकहि आले, आणि देवमासा दाखविण्याचा परवाना कोणास द्यावा हा प्रश्न थेट न्यायालयांत गेला. १९९५ मध्यें अपील न्यायालयानें दिलेला निर्णय फार विचार करण्याजोगा आहे. प्रवाशांस देवमासे दाखविण्याचा व्यापार १८४० च्या तहांत कोणाच्याहि मनांत नव्हता, तेव्हां तो तहानें दिलेला हक्क होत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. परंतु त्याच दमांत असेंहि म्हटलें कीं, हा व्यापार ह्या कुळाच्या समुद्राशीं असलेल्या जुन्या संबंधास इतका निगडित आहे कीं, सरकारनें नुसता सल्ला विचारून मोकळें होतां कामा नये. त्यांस वाजवी अग्रक्रम मिळाला पाहिजे. कायदेपंडित ह्याची चिकित्सा करोत. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, तीनशें पौंडांच्या खरेदीखतांत जमिनीची सीमा लिहिली होती, समुद्राची लिहिली नव्हती. दोनच वर्षांनीं, १९९७ च्या नोव्हेंबरांत, न्गाय ताहू आणि सरकार ह्यांच्यामधील तडजोडीच्या करारावर सह्या झाल्या त्या कायकोऱ्यांतील ताकाहांगा ह्या सभास्थानींच. सतरा कोटी डॉलर आणि सरकारची जाहीर क्षमायाचना त्यांतून निघाली. जमीन अर्थातच बहुतेक परत आली नाहीं.

गांवाचें दैव एवढ्यानें स्थिरावलें असें म्हणावें, तों १४ नोव्हेंबर १९१६ नव्हे, २०१६, हा दिवस उजाडण्यापूर्वींच, मध्यरात्रीं बारा वाजून दोन मिनिटें होत असतां, ७.८ प्रतीचा भूकंप झाला. साल लिहितांना आमची लेखणी शंभर वर्षें मागें घसरली, कारण असले उत्पात जुन्या बखरींतच असावेत असें वाटतें. वीसहून अधिक भूस्तर एकामागून एक फाटले. रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही बाजूंनीं दरडींखालीं गेले, आणि अडकलेल्या सुमारे हजार प्रवाशांस हेलिकॉप्टरांतून व जहाजांतून बाहेर काढावें लागलें. किनारा उचलला गेला. शेवंडींच्या कपारी उघड्या पडल्या आणि होड्यांच्या धक्क्याशीं पाणी इतकें उथळ झालें कीं, भरतीखेरीज नौका हलेनात. पाण्याखालच्या घळींतून सुमारे पंच्याऐंशीं कोटी टन गाळ खोल समुद्रांत वाहून गेला, आणि त्याबरोबर तळांतील जीवसृष्टीहि गेली. देवमासे पळाले नाहींत; परंतु पुढें वर्षभर ते डुबक्यांच्या मध्यें पाण्यावर अधिक वेळ काढीत, अन्न शोधण्यास त्यांस अधिक श्रम पडत असावेत, असें अभ्यासकांस आढळलें. वर्षभरानें धक्का खोल करून झाला, रस्ता उघडला आणि तिकिटांची खिडकीहि पूर्ववत् चालूं लागली.

आम्ही त्या खिडकीपाशीं गेलों त्या दिवशीं वारा मंद होता. नौका घळीवर पोहोंचतांच थांबली आणि एका माणसानें पाण्यांत श्रवणयंत्र सोडलें. स्पर्म जातीचा देवमासा खोल अंधारांत टक्-टक् असा आवाज काढून भक्ष्य शोधतो. तो आवाज कोणत्या दिशेनें येतो हें ऐकून नौका पुढें जाते. येथें येणारे बहुधा नरच असतात. माद्या आणि पिलें उत्तरेच्या उबदार पाण्यांत राहतात. पाऊण तास वाट पाहिली. मग डाव्या बाजूस, समोर कलणारें, बुटकें कारंजें उठलें आणि एक लांबट, सुरकुतलेला, करडा ओंडका पाण्यावर पडलेला दिसला. पन्नास मीटरांच्या आंत जावयाचें नाहीं आणि तीनशें मीटरांत तीनांहून अधिक नौका ठेवावयाच्या नाहींत असा नियम आहे. आमच्या नौकेनें तो पाळला. एका ठराविक अंतरावर थांबून आम्ही साठ-सत्तर माणसें गप्प उभीं राहिलों. चार जोडहोड्यांतील त्या माणसांची ह्या वेळीं आठवण झाली. देवमासा दहाएक मिनिटें श्वास घेत राहिला; त्यानें आमची कांहींच दखल घेतली नाहीं. मग पाठ कमानीसारखी वांकली, शेंपूट सरळ उभें राहिलें, आणि पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ उरलें.

हा देवमासा तो नव्हे. ज्याचे मणके किनाऱ्यावर पडून राहिले, ज्याच्या पिलांस प्रथम भाला मारीत, तो राइट जातीचा देवमासा. न्यूझीलंडच्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यावर १९२८ पासून पुढें पस्तीस वर्षें तो दिसल्याची एकहि नोंद नाहीं. दक्षिणेस, ध्रुवाकडच्या ओसाड बेटांजवळ, थोडे वांचले होते. त्यांची संतति हळूहळू वाढत आहे. परतीच्या वाटेवर आम्हीं श्रवणयंत्रवाल्या माणसास त्यांच्याविषयीं विचारलें. हिंवाळ्यांत एखादे वर्षीं एखादा उपसागरांत येऊन जातो, असें तो म्हणाला. त्याच्या आजोबांनीं पाहिला होता काय, असें विचारतां तो हसला. आजोबांनीं नाहीं, त्याच्या वडलांनीं एकदां पाहिला होता. त्यानें स्वतः अजून पाहिलेला नाहीं.